मशीन म्हातारी झाली की पाण्यानं खाल्ली?

सोलापूर-पुण्यापासून लातूर-नांदेडपर्यंत जुन्या घरांत पायाखाली जी थंडगार राखी फरशी असते, ती शहाबादी. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलं. कलबुर्गीहून वाडीकडे जाणारी गाडी अर्ध्या-पाऊण तासात तिथं पोचते. ही फरशी म्हणजे चुनखडक, आणि चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. याच दगडाच्या जोरावर वाडी, मळखेड, सेडम इथं सिमेंटचे कारखाने उभे राहिले. आता कलबुर्गीतल्या एखाद्या बंद पडलेल्या डिशवॉशरचा हीटर बाहेर काढून पाहा. त्यावर पांढरट, खरखरीत, नखानं न सुटणारा थर बसलेला असतो. तोही बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच.

बिघडलेला डिशवॉशर दुरुस्त करावा की नवा घ्यावा, याचा एक ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो. मशीन सात-आठ वर्षांची झाली असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल, तर नवी घ्या. नाहीतर दुरुस्त करा. ठोकताळा वाईट नाही, पण त्यात मशीन वयानं मरते असं धरलेलं आहे. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गावात ती बहुधा वयानं मरत नाही. म्हणून इथं वय आणि किंमत या दोन प्रश्नांच्या आधी तिसरा येतो: ही बिघडली कशानं? पाण्यानं बिघडली असेल, तर नवी आणूनही ती त्याच वाटेनं जाणार, फक्त पैसे दुसऱ्यांदा जातील.

हा प्रश्न आत्ताच घरोघर निघायला कारण आहे. भारतात डिशवॉशर मिळत होते बरीच वर्षं, पण मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात ते शिरले २०२० च्या मार्चनंतर. टाळेबंदी लागली, भांड्याच्या मावशींना येणं अशक्य झालं, आणि ज्यांना परवडत होतं त्यांनी मशीन मागवल्या. त्या वेळच्या मशीन आता पाच-सहा वर्षांच्या झाल्यात. वॉरंटी कधीच संपली आहे, आयुष्य मात्र संपलेलं नाही. निर्णय सगळ्यात अवघड याच वयात असतो.

मशीन आत काय करते

भांडी धुण्याच्या मशीनचा कामाला येणारा पहिला नमुना बनवला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफीन कॉक्रेन यांनी. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळालं आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या मशीन भांडी धूत होत्या. गिऱ्हाईक मिळालं ते हॉटेलांचं. घरगुती मशीन मात्र खपेनात. घरच्या बंबाला तेवढं गरम पाणी पुरवता येत नव्हतं, आणि कित्येक भागांत पाणी इतकं जड होतं की साबणाला फेसच यायचा नाही. म्हणजे जड पाण्याचं हे दुखणं यंत्राइतकंच जुनं.

आजची मशीन पाण्यात भांडी बुडवत नाही. तळाच्या खड्ड्यात थोडं पाणी घेते, हीटरनं ते ५० ते ७० अंशांपर्यंत तापवते आणि पंपानं फिरत्या हातांच्या भोकांतून भांड्यांवर मारते. तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवते. त्यामुळं एका धुण्याला १० ते १२ लिटर पाणी आणि साधारण एक युनिट वीज पुरते. शेवटी दुसरा छोटा पंप घाण पाणी बाहेर टाकतो. म्हणजे मुख्य अवयव थोडेच: पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, पाणी मऊ करणारा डबा, हीटर, फिरवायचा पंप, बाहेर टाकायचा पंप, दाराचं रबर आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा बोर्ड.

यातला पाणी मऊ करणारा डबा गिऱ्हाइकाला कोणी नीट समजावून सांगत नाही. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. जड पाणी त्यांतून जाताना मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही धुण्यांनंतर मणी भरतात. मग मशीन शेजारच्या कप्प्यातलं मिठाचं पाणी त्यांवरून सोडते, मणी पुन्हा रिकामे होतात आणि सुटलेला क्षार गटारात जातो. त्या कप्प्यात मीठ नसेल तर मणी भरलेलेच राहतात आणि जड पाणी जसंच्या तसं हीटरवर जातं. तापल्यावर पाण्यातला विरघळलेला बायकार्बोनेट फुटतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कार्बोनेट हीटरच्या अंगावर बसतो. हा थर उष्णता धड जाऊ देत नाही. आतली तार तापत राहते, पाणी लवकर गरम होत नाही, मशीन जास्त वेळ चालते आणि एक दिवस तार तुटते.

हिशेब मांडून बघा. जडपणा मोजतात तो एका लिटरमधल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंतचं पाणी चांगलं धरलंय; दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हटलंय. समजा तुमच्या बोअरचा आकडा ४०० आहे. दहा लिटरच्या एका धुण्यात ४ ग्रॅम क्षार मशीनमधून जातो. रोज एक धुणं धरलं तर महिन्याला १२० ग्रॅम, वर्षाला जवळजवळ दीड किलो. सगळा आत बसत नाही हे खरं, पण दीड किलोतला थोडासा जरी बसला तरी हीटरचं काम तमाम करायला पुरतो.

कलबुर्गी शहराला नळाचं पाणी येतं भीमेवरच्या सरडगीहून आणि बेण्णेतोरा धरणातून. नदीचं पाणी बोअरच्या मानानं बरंच हलकं असतं. जागतिक बँकेच्या मदतीनं चोवीस तास पाण्याचा प्रयोग कर्नाटकात ज्या शहरांच्या काही भागांत झाला, त्यांत हुबळी-धारवाड आणि बेळगावच्या जोडीला कलबुर्गीही होतं. पण शहरातल्या असंख्य घरांत आजही रीत अशी, की नळाचं पाणी पिण्याला आणि बोअरचं वापराला. डिशवॉशर जोडला जातो स्लॅबवरच्या टाकीला, आणि त्या टाकीत बोअर. मशीन बसवायला आलेला माणूस नळी जोडून निघून जातो. टाकीत कुठलं पाणी आहे हे तो विचारत नाही, आपण सांगत नाही.

बिघाड कुठला, त्यावर निकाल

'मशीन गेली' ही तक्रार नव्हे. काय होत नाही ते बघावं लागतं.

पाणी बाहेर जात नसेल तर नवी मशीन घ्यायचा विचारही करू नका. आधी तळाची जाळी काढून धुवा. तरी नाही गेलं तर जाळीखालच्या खड्ड्यातलं पाणी स्पंजनं टिपून घ्या आणि पंपाच्या तोंडावरचं झाकण उघडा, अर्थात वीज बंद करून. आमच्याकडच्या जेवणात तिथं हमखास सापडतो तो चिंचोका. नाहीतर शेंगेचं टरफल, कडीपत्त्याचा देठ, फुटलेल्या कपाचा तुकडा. पंपाच्या पंख्यात एक चिंचोका अडकला की अख्खी मशीन बंद पडते आणि पडद्यावर भलताच कोड येतो. पंप खरंच जळला असेल तरी हा छोटा पंप मशीनमधल्या स्वस्त भागांपैकी आहे, बदलून घ्यावा.

पाणी भरत नसेल तर मशीनला दोष देण्याआधी टाकी किती उंच आहे ते बघा. बहुतेक मशीनना आत येणारं पाणी ०.३ ते ०.५ बार दाबाचं लागतं. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तेव्हा एक बार दाब मिळतो. म्हणजे तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरासाठी टाकी तीन ते पाच मीटर वर हवी. बैठ्या घरात स्लॅबवर नुसती ठेवलेली टाकी यात जेमतेम बसते. त्यात नळीच्या तोंडाशी असलेल्या बारीक चाळणीत बोअरची रेती अडकली तर काम संपलंच. चाळणी धुवायला पाच मिनिटं लागतात, आणि दुकानातून नवी मशीन आणून बसवली तरी तीही त्याच टाकीखाली पाण्यावाचून उभी राहील.

भांडी पांढुरकी निघताहेत, काचेवर धूर बसल्यासारखा दिसतोय, पण मशीन चालू आहे. हे पाण्याचं दुखणं आहे आणि अजून वेळ गेलेली नाही. मीठ भरा, जडपणाचं सेटिंग तपासा. आत भांडी न घालता शंभर-दीडशे ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, टाकून सगळ्यात गरम धुणं एकदा चालवा. बसलेला क्षार बराचसा विरघळतो. नुसतं मीठ घातलं की झालं असं नाही. सेटिंग 'मऊ पाणी' यावर असेल तर मशीन मीठ वापरतच नाही. आणि घरातलं आयोडीनचं बारीक मीठ त्या कप्प्यात घालू नका. ते मोकळं राहावं म्हणून त्यात मिसळलेले पदार्थ रेझिनमध्ये जाऊन बसतात.

'धुण्याच्या टॅबलेटमध्येच मीठ असतं, वेगळं कशाला' असं दुकानदार सांगतो. ते त्या टॅबलेटच्या मर्यादेपुरतं खरं आहे. अशा टॅबलेट साधारण २१ जर्मन अंशांपर्यंतच्या पाण्याला पुरतात. जर्मन अंश हेही जडपणाचंच माप. एक अंश म्हणजे लिटरमागं सुमारे १८ मिलिग्रॅम, म्हणजे ३७५ च्या आसपास मर्यादा संपली. पलीकडं मीठ लागणारच.

हीटर गेला असेल तर निर्णय थोडा जड आहे. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये हीटर वेगळा असतो आणि वेगळा बदलता येतो. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये तो पंपातच बसवलेला असतो, त्यामुळं दोन्ही एकदम बदलावे लागतात आणि बिल फुगतं. तरीही मशीन पाच-सहा वर्षांचीच असेल, पत्रा कुठं गंजला नसेल आणि पुढं मीठ नेमानं घालायची तयारी असेल, तर माझा कौल दुरुस्तीला. तयारी नसेल तर दुरुस्तीही नको आणि नवीही नको.

बोर्डची गोष्ट निराळी. टेक्निशियन येतो, मागचा पत्रा काढतो, मीटर लावतो आणि म्हणतो, "अक्का, बोर्ड गेलाय. ह्याला पैसे घालण्यापेक्षा नवीनच घ्या." त्या वेळी घरातल्या माणसानं एकच प्रश्न विचारावा: "बोर्ड कशानं गेला ते सांगा की." उत्तर दोन प्रकारचं असतं. वळवाच्या वाऱ्यात लाइट दहा वेळा गेली-आली आणि दाब चढला, तर बहुधा बोर्डवरचा एखादाच भाग जळालेला असतो. इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशीनचे बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर कलबुर्गीत आहेत, सोलापुरात आणि हैदराबादेत तर भरपूर. बोर्ड सोडवून पिशवीत घालून त्यांच्याकडे न्यावा. नव्या बोर्डच्या मानानं फार थोड्या पैशांत काम होतं. पण दाराच्या रबरातून वर्षभर वाफ झिरपून बोर्ड ओला झाला असेल, हिरवट गंज चढला असेल, तर कारागिरानं दुरुस्त करूनही तो टिकत नाही. रबर न बदलता नवा बोर्ड बसवणं तर पैसे पाण्यात.

तळाच्या पत्र्यात पाणी साचलं की आतला तरंगता तुकडा वर उचलला जातो आणि मशीन स्वतःला बंद करून घेते. हा बिघाड नाही, सुरक्षेची सोय आहे. गळती नळीच्या जोडाची असेल तर क्षुल्लक. आतल्या स्टीलच्या टाकीलाच भोक पडलं असेल तर मात्र पुढं बोलायचं कारण नाही. ती मशीन संपली.

पैशाचा हिशेब

निम्म्या किमतीच्या ठोकताळ्यापेक्षा वर्षाला किती पडतात हे बघणं बरं. समजा नवी मशीन ४०,००० ची आणि ती दहा वर्षं टिकेल. वर्षाला ४,००० पडले. जुनीला ९,००० घालून ती तीन वर्षं चालली तर वर्षाला ३,०००, दुरुस्ती स्वस्त. वर्षभरातच पुन्हा बंद पडली तर एका वर्षाला ९,०००, महाग. सगळं येऊन ठेपतं ती पुढं किती वर्षं चालेल यावर, आणि ते ठरवतं पाणी. नव्या मशीनची दहा वर्षंही याच कारणानं गृहीत धरता येत नाहीत. जड पाण्यावर, मिठाशिवाय, ती पाचच वर्षं टिकली तर नवीचाच हिशेब वर्षाला ८,००० होतो.

नवी घेण्याच्या बाजूनं अलीकडं एक गोष्ट झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. करासकट ४०,००० ला मिळणारी मशीन त्या हिशेबानं ३६,८७५ ला यायला हवी. फरक तीन हजारांचा. निकाल उलटावा इतका नाही. 'नवी मशीन वीज वाचवते' हा युक्तिवाद तर आणखी लंगडा. धुण्यामागं पाव युनिट वाचलं आणि वर्षात तीनशे धुणी केली तरी ७५ युनिटं. तेवढ्यासाठी चालण्यासारखी मशीन भंगारात काढू नये.

सुटा भाग मिळेल का, हा मात्र खरा अडथळा. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून कंपन्यांवर बंधन आहे: त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही पंप, मोटर, हीटर असे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना किमान सात वर्षं आणि दाराचं रबर, जाळी, फिरते हात, रॅक असे भाग गिऱ्हाइकांना दहा वर्षं मिळाले पाहिजेत, तेही मागणी केल्यापासून कामाच्या १५ दिवसांत. आपल्याकडं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्या दुरुस्तीची आणि भागांची माहिती देतात, पण सक्ती तशी नाही. म्हणून फोनवर 'पार्ट बंद झालाय' असं ऐकू आलं की ते लेखी मागा, मॉडेल नंबर आणि भागाचा नंबर घालून. लेखी द्यायची वेळ आली की बंद झालेला पार्ट कधी कधी हैदराबादच्या गोदामात सापडतो. नाहीच दाद लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. तिथं कन्नडमध्येही बोलता येतं आणि मराठीतही.

दुरुस्तीही नको आणि नवीही नको, हा तिसरा मार्ग लोक विचारातच घेत नाहीत. तुमची मशीन आठवड्यातून किती वेळा चालत होती? भाकरीचा लोखंडी तवा तिच्यात घालता येत नाही, पितळी पातेली काळवंडतात, अ‍ॅल्युमिनियमचा कुकर मलूल होतो, परातीला चिकटलेलं ज्वारीचं पीठ आधी हातानंच भिजवून काढावं लागतं. निम्मी भांडी अशी बाहेरच धुतली जात असतील आणि मशीन दोन दिवसांआड चालत असेल, तर ४०,००० चा खर्च सवयीखातर होतोय. चार माणसांचं नोकरदार घर आणि रोज स्टील-काचेची भांडी, तर गोष्ट वेगळी. तिथं मशीन वेळ वाचवते आणि तो वेळ बहुधा घरातल्या बाईचा असतो.

जुनी टाकायची ठरली तर भंगारवाल्याला द्यायची घाई नको. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांच्या यादीत भांडी धुण्याची मशीनही आहे. ती नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यापर्यंत पोचवण्याची जबाबदारी उत्पादकावर येते. नवी घेतानाच दुकानदाराला जुनी उचलायला सांगा आणि पावतीवर तसं लिहून घ्या. रॅक, जाळी, फिरते हात चांगले असतील तर आधी काढून ठेवा; तेच मॉडेल कुणा नातेवाइकाकडं असेल तर उपयोगी पडतात.

आणि नवी मशीन मागवण्याआधी जडपणा मोजणाऱ्या पट्ट्यांची एक डबी मागवा. पाणी शुद्ध करणारे आरओवाले जो आकडा दाखवतात तो टीडीएस असतो, विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा. जडपणा त्यातून कळत नाही. पट्टी ज्या नळाला मशीन जोडणार त्याच नळाच्या पाण्यात बुडवा. आकडा ६०० च्या पुढं गेला तर मॉडेल निवडताना ते किती अंशांपर्यंतचं पाणी सोसतं हे माहितीपुस्तिकेत बघा. काहींची मर्यादा ३५ जर्मन अंश, म्हणजे सव्वासहाशे, असते. काहींची ५०, म्हणजे नऊशेच्या आतबाहेर. नळाचं पाणी पुरत असेल तर मशीनसाठी त्याची वेगळी छोटी टाकी बसवणं सगळ्यात स्वस्त. मशीन बसवायला येणारा माणूस निघायच्या आत त्याच्याकडून जडपणाचं सेटिंग करून घ्या आणि त्याच्यासमोर पहिलं मीठ भरा. बोअरचं पाणी एप्रिल-मेमध्ये खाली गेलं की हा आकडा बदलतो, तेव्हा पट्टी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा पुन्हा बुडवून बघा.